नाव एक, वॅट अनेक

लॅपटॉप घेणे आणि स्थळ पाहणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे नाव आधी सांगतात, स्वभाव मागाहून कळतो. आमच्या चिरंजीवांना खेळांसाठी लॅपटॉप हवा होता. आधार त्यांच्या साठवणीचा आणि माझ्या पेपर-तपासणीच्या बिदागीचा.

दुकानदार कीबोर्डातल्या रंगीत दिव्यांचे कौतुक सांगू लागला. चिरंजीवांनी शांतपणे विचारले, "ग्राफिक्स चिप किती वॅटवर चालते?" मग मला समजावले : एनव्हिडियाची आरटीएक्स ४०५० ही २०२३ साली आलेली लॅपटॉपची चिप कुठे ३५ वॅटवर चालते, तर कुठे ११५ वॅटवर. नाव तेच, धाव निराळी! पातळ, देखण्या यंत्राला उष्णता सोसत नाही. त्यापेक्षा जाडजूड, गुरगुरत्या पंख्यांचे बरे. रॅम तूर्त ८ जीबी चालेल, पण दुसरा खण रिकामा हवा, म्हणजे पुढे १६ करता येते. चिपची स्वतःची ६ जीबी मेमरी मात्र जन्माची. ती वाढत नाही.

धड्याखालची टीप न वाचणाऱ्या मुलाने जाहिरातीखालची बारीक अक्षरे वाचली होती! खेळापायी तो वाया जाईल ही धास्ती अजून आहेच. पण बारीक अक्षरे वाचणारा सहसा फसत नाही, एवढा दिलासा त्या जाडजूड यंत्राबरोबर घरी आला.