गाडी माझी, नंबर गुरुजींचा

नंबर प्लेटवरून मी टपरीवर जेवढा घसा कोरडा केला, तेवढा निवडणुकीतही केला नसेल. हिंगोलीच्या हळद बाजारात मी आडतीवर दिवाणजी आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला नवी, अशोकचक्राच्या शिक्क्याची प्लेट बसवा, असा हुकूम निघाला तेव्हा दुपारच्या चहाला आमच्याकडे दोन तट पडले. विरोधी तटाचा पुढारी मी.

माझ्याकडे मुद्दे भरपूर होते. मोटारसायकलला साडेचारशे, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. ट्रॅक्टरलाही तोच दर. नांगरटीला वावरात फिरणाऱ्या ट्रॅक्टरला कोण पळवून नेतो, आणि नेऊन नेऊन कुठे नेईल, वाशिमला? शिवाय मुदत कशी पुढे सरकत गेली बघा: ३१ मार्च २०२५, मग ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर. सरकारलाच घाई नाही, तर मला का असावी, असं मी म्हणायचो आणि लोक हसायचे.

एक मुद्दा मात्र मनापासूनचा होता. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळी झाली. त्याआधी आमच्या गाड्यांवर परभणीचा बावीस नंबर असायचा. वाशिमला सदतीस मिळाला, आम्हाला अडतीस, नंदुरबारला एकोणचाळीस. उशिरा जन्मलेल्या जिल्ह्यांची ही हजेरी. नांदेडला किंवा संभाजीनगरला अडतीसची गाडी दिसली की मी अजूनही मान वळवून बघतो. तो अडतीस माझ्या गाडीवर देवनागरीत होता, लाल किनारीचा, वर ‘जय नागनाथ’. नियमात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात, हे मला ठाऊक होतं. एकदा एका हवालदारानं हटकलं, तेव्हा मी त्याला मराठी बाण्यावर व्याख्यान दिलं. तो कंटाळून ‘जा’ म्हणाला. ते मी विजय म्हणून सांगत आलो.

प्लेट रंगवणाऱ्या पेंटरचं नावही मी पुढे करायचो: त्याच्या पोटावर पाय येतो. एक दिवस तोच टपरीवर आला, आणि त्याच्या गाडीला नवी प्लेट. मी म्हटलं, ‘‘तू पण?’’ तो म्हणाला, ‘‘दिवाणजी, प्लेटा रंगवायचं काम रेडियमवाल्यांनी कवाच खाल्लं. तुमची ती शेवटची होती. तुम्ही काहून माझ्या नावानं भांडायलेत?’’ त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले, पण मत बदललं नाही. माणूस एवढ्यानं बदलत नसतो.

बदललो ते गरजेपोटी. माझी गाडी २०११ ची. पंधरा वर्षं भरली की पुनर्नोंदणी करायची, गाडी दाखवायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षं पुढे. आणि प्लेट नसेल तर आरटीओत गाडीचं बाकीचं कामही अडणार. तेव्हा डिसेंबरात, शेवटच्या मुदतीच्या तोंडावर, गुपचूप ऑनलाइन केंद्रावर गेलो. ओळखीचं कुणी नाही ना, हे आधी बघून घेतलं.

तिथल्या पोरानं चेसिस नंबरचे आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागितले. मी आरसी त्याच्यापुढे टाकली. त्यानं ती उलटसुलट केली.

‘‘काका, हे नाव कुणाचं?’’

‘‘गुरुजींचं. त्यांच्याकडून घेतली ना गाडी.’’

‘‘कधी?’’

‘‘झाली की अकरा वर्षं.’’

‘‘मग तुमच्या नावावर नाही केली?’’

‘‘आपलीच आहे रे. स्टँप आहे, नावबदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या आहेत. घरी.’’

पोरगं माझ्याकडे न बघता टाइप करत म्हणालं, ‘‘गाडी तुमची असंल. नंबर त्यांचा आहे.’’

इथे मला माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. हळदीचा ढीग पडला की त्यावर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी आधी पडते. बोली, काटा, पट्टी सगळं त्या नावावर. चुलत्याच्या ढिगावर पुतण्याचं नाव पडलं, तर मी काटा थांबवतो, मग कुणी कितीही ओरडो. एकदा अशा घोटाळ्यावरून मी मालकाशीही भांडलो होतो. आणि हाच मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या नावाच्या गाडीवर बसून नंबर प्लेटच्या अन्यायावर बोलत होतो. गाडी घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. माझे फॉर्म कपाटात पिवळे पडले.

प्लेट बसवायला गेलो तो सोहळा पाच मिनिटांचा. ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा चकाकता शिक्का, खाली लेझरनं कोरलेला दहा आकड्यांचा बारीक क्रमांक. कारागिरानं लॉक दाबलं, कट असा आवाज झाला. ‘‘आता ही खोलता येत नाही. काढायची तर तोडावीच लागते. हरवली, तर आधी पोलिसात तक्रार, मग नवी.’’ देवनागरी अडतीस मी पिशवीत घालून घरी आणला. तो अजून माळ्यावर आहे, त्याची मला लाजही वाटत नाही.

मग नाव बदलायला गुरुजींची सही हवी म्हणून सेनगाव तालुक्यात त्यांच्या गावी गेलो. निवृत्त झालेत, अंगणात तूर वाळत घातली होती. मी एकोणतीस आणि तीस नंबरचे ताजे फॉर्म पुढे केले. त्यांनी चष्मा शोधला, पेन शोधला, आणि सही करताकरता सहज म्हणाले, ‘‘बरं झालं आलात. दोन चलनं आली होती मधी. एक नांदेडचं, एक हिंगोलीचंच.’’

मला काही समजेना. त्यांनी मोबाइल काढून मेसेज दाखवले. हेल्मेट नाही म्हणून. फोटोत पाठमोरा मीच, माझी मळकी पिशवी हँडलला.

‘‘मग?’’

‘‘मग काय, भरून टाकली. कागदावर गाडी माझी ना.’’

‘‘मला फोन तरी करायचा, गुरुजी.’’

‘‘दोनदा लावला होता नंबर. मग म्हटलं, एवढ्याशा पैशासाठी संबंध कशाला खराब करा.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘भीती पैशाची नव्हती. रात्री कुठं अपघात झाल्याचं कानावर आलं, की वाटायचं, आपली गाडी तर नसंल?’’

‘आपली गाडी’. मी ज्याला माझा बाणा, माझा अडतीस म्हणत होतो, तो अकरा वर्षं या माणसाच्या उशाशी होता. हवालदारापुढे जिंकलो तेव्हा, त्यानं चिडून पावती फाडलीच असती, तर तीही इथेच आली असती.

दराबद्दलची माझी तक्रार कायम आहे. मुदतींच्या खेळाबद्दलचीही. पण टपरीवर आता तो विषय निघाला की समोरच्याला आधी विचारतो, आरसी कुणाच्या नावावर आहे. बहुतेक जण चहा फुंकत बसतात.

चलनाचे पैसे गुरुजींनी घेतले नाहीत. किलोभर हळद मात्र ठेवून घेतली. निघताना गाडीपर्यंत आले, नव्या प्लेटवर बोट फिरवलं, आणि विचारलं, ‘‘आता ते मेसेज मला येणार नाहीत ना?’’

‘‘नाही, गुरुजी. आता मला येतील.’’

‘‘हेल्मेट घ्या मग,’’ म्हणाले.