बोट तीच, खेपा दोन

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो. "मामा, आई-बाबा फेब्रुवारीत येतायत ना सिंगापूरला, त्यांना बोटीवर पाठवतोय. चार रात्री, पेनांग-फुकेत. ती फेरी संपली की त्याच बोटीवर लगेच तीन रात्रींची दुसरी. खोलीसुद्धा तीच. कागदांचं तेवढं तुम्ही बघा."

तेवढं बघा! आंबेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. ज्याने आयुष्यभर शाळा सोडल्याचे दाखले लिहिले त्याला जगातला कुठलाही फॉर्म भरता येतो, अशी आमच्या घरात समजूत आहे.

*

अक्का आणि दाजी ओतूरला. मी मंचरला. कागद एसटीने फिरतात: मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर. व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, पण दाजींनी काढलेल्या फोटोत कागदापेक्षा त्यांचा अंगठा मोठा. शेवटी मीच गेलो.

*

पहिला घोळ तारखेचा. दाजींचा पासपोर्ट 12 ऑगस्टला संपतो. दाजी म्हणाले, "मास्तर, फेब्रुवारीत जायचं, ऑगस्टपर्यंत चालतोय. मग अडचण काय?"

बोटवाले पासपोर्ट फेरी संपल्यापासून पुढे सहा महिने चालायला हवा म्हणतात. पहिली फेरी 11 फेब्रुवारीला संपते. सहा महिने म्हणजे 11 ऑगस्ट. एक दिवस हाताशी ठेवून पास. दुसरी संपते 14 फेब्रुवारीला. सहा महिने म्हणजे 14 ऑगस्ट. दोन दिवसांनी नापास. एकाच बोटीच्या एकाच खोलीत राहणारा माणूस 11 तारखेला चालतो आणि 14 तारखेला चालत नाही.

भाच्याने पहिल्या फेरीची तारीख पाहून "बाबांचा पासपोर्ट ओके" असे कळवले होते. त्याचीही चूक म्हणवत नाही, सगळे असेच मोजतात. मोजायचे ते शेवटच्या फेरीच्या शेवटच्या दिवसापासून.

*

दाजींना मी हे समजावत बसलो होतो. ते ऐकून घेत होते, पटत नव्हते. मग एकदम म्हणाले, "म्हंजे टोमॅटोसारखं."

नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार आहे, जुन्नर बाजार समितीचा. सीझनमध्ये दाजींची पिकअप दिवसातून दोनदा जाते. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, वावरही तेच. पण सकाळच्या खेपेची पावती वेगळी, दुपारच्या खेपेची वेगळी. सकाळची पावती दुपारी दाखवली तर गेटवरचा माणूस हसेल.

"बरोबर," मी म्हटले. "बोट तीच, खेपा दोन."

त्यानंतर आमच्या घरात क्रूझ, सेलिंग, बॅक-टू-बॅक हे शब्द बंद झाले. पहिली खेप, दुसरी खेप.

*

पासपोर्ट नवा करायचा तर पुण्याला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात. ऑनलाइन अर्ज, 36 पानांच्या पुस्तिकेचे 1,500 रुपये, मग तारीख. मुदत संपायच्या आधी वर्षभर हा अर्ज करता येतो. जुन्या पासपोर्टवर उरलेले महिने नव्यात जमा होत नाहीत, हे ऐकून दाजींचा चेहरा पडला. शेतकऱ्याला शिल्लक सोडून द्यायची म्हणजे जिवावर येते.

क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग बोटीच्या नोंदी. कारण पासपोर्टचा नंबर बदलतो. जुन्या नंबरावर व्हिसा काढून बसलात तर सगळे परत पहिल्यापासून. आणि बोटीच्या नोंदीत नवा नंबर घालायचा तो दोन्ही खेपांत. बुकिंग नंबर दोन असतात. एकात बदलले म्हणून दुसऱ्यात आपोआप बदलत नाही.

*

पोलीस पडताळणीसाठी फोन आला तेव्हा अंधार पडला होता. दाजी म्हणाले, "साहेब, उद्या उजेडी या. घर उसाच्या कडेला आहे, परवाच वाघ दिसलाय." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. साहेब उजेडी आले, चहा घेतला, मोबाइलवर फोटो काढून गेले.

*

अक्काचा जन्म 1 जूनचा. दाजींचाही 1 जूनचा. आमच्या पिढीत निम्मा गाव 1 जूनचा. बाळंतपण घरात, नोंद कुणी केलेली नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराच्या तोंडाकडे बघून वय ठरवायचे आणि रजिस्टरात 1 जून टाकून मोकळे व्हायचे. मीही नोकरीच्या सुरुवातीला दोन-चार पोरांना असे जन्माला घातले आहे. त्या पोरांच्या पासपोर्टवर आज माझ्या हातची तारीख असेल.

सिंगापूरच्या व्हिसाच्या एजंटाने फोनवर विचारले, "सर, दोघांची जन्मतारीख सेम पडलीय, टायपिंग मिस्टेक आहे का?"

"मिस्टेक आहे," मी म्हटले, "पण टायपिंगची नाही."

*

सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, आणि तो किती वेळा आत येऊ देतो हे बघून घ्यायचे. अक्का-दाजी विमानाने सिंगापुरात शिरणार, ही एक. पहिल्या खेपेहून परत येणार, ही दोन. दुसऱ्या खेपेहून, ही तीन. सात दिवस एका खोलीत झोपणाऱ्या माणसांच्या सरकारी हिशेबात तीन वेळा येणे आणि तीन वेळा जाणे. व्हिसावर "मल्टिपल" हा शब्द मी बोट ठेवून वाचला, अक्कालाही वाचायला लावला. तिला इंग्रजी येत नाही, पण ते अक्षर कसे दिसते हे तिला आता माहीत आहे.

याशिवाय तिथले आगमनपत्र ऑनलाइन भरायचे असते, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. फुकट असते. पैसे मागणाऱ्या वेबसाइटी दिसल्या तर पुढे सरका. ते एकदा भरले की झाले असे नाही, प्रत्येक प्रवेशाला नवे. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वेळचे बोटीवरून भरायचे. तो फॉर्म भाचा सिंगापुरातून भरणार आहे. दाजींच्या अंगठ्याचा मला भरवसा नाही.

मलेशिया आणि थायलंडचे मी इथे लिहून ठेवत नाही. भारतीयांसाठी त्यांचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्यांदा हलले आहेत की आजचे टिपण उद्या पोथी होईल. जायच्या आठवड्यात बघायचे.

*

युरोपात हाच घोटाळा शेंगेनच्या, म्हणजे अनेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या, नावाने होतो. ग्रीसहून निघालेली बोट मधे तुर्कस्तानच्या बंदराला लागली की माणूस शेंगेनच्या बाहेर पडला. परत ग्रीसमध्ये यायला दुसरा प्रवेश लागतो. एकदाच आत सोडणारा व्हिसा असेल तर तो तिथेच खर्ची पडतो. लागोपाठ दोन फेऱ्या म्हणजे असे दोनदा.

*

अमेरिकेतला प्रकार आणखी विचित्र. 1886 सालचा एक कायदा अजून चालू आहे: परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी उचलून दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचे नाहीत, मधे एखादे लांबचे परदेशी बंदर घेतल्याशिवाय. कॅनडा लांबचा धरत नाहीत. म्हणजे सिॲटलहून व्हँकूव्हर ही एक खेप कायद्यात बसते. व्हँकूव्हरहून अलास्का हीसुद्धा बसते. पण त्याच बोटीवर दोन्ही लागोपाठ केल्या की कायदा त्यांना एकच प्रवास धरतो, सिॲटल ते अलास्का, आणि तो बसत नाही.

सिंगापूरच्या दारात आमच्या एका प्रवासाच्या दोन खेपा मोजतात, आणि तिकडे दोन खेपांचा एक प्रवास. दाजींना हे सांगितले नाही. त्यांचे टोमॅटोचे गणित नुकते कुठे बसले होते.

*

दुसरा घोळ नावाचा, आणि हा मोठा.

बोटीच्या दोन्ही बुकिंगचे प्रिंट मी शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात अक्काचे नाव: तिचे नाव, आडनाव. दुसऱ्यात: तिचे नाव, मग दाजींचे नाव, आणि आडनावाच्या जागीही दाजींचेच नाव. पासपोर्टवर तिसरेच: नावाच्या रकान्यात तिचे आणि दाजींचे मिळून, आडनाव खाली वेगळे. भाच्याने एक बुकिंग लॅपटॉपवर केले, दुसरे मेट्रोत उभ्याने मोबाइलवर. बोटवाल्यांच्या दृष्टीने पहिल्या खेपेतून एक बाई उतरणार होती आणि दुसऱ्या खेपेला दुसरीच बाई चढणार होती. दाजी तेवढे दोन्हीकडे एकच.

आपली मराठी नावाची तीन डब्यांची गाडी त्यांच्या दोन रकान्यांत बसत नाही, हे मूळ दुखणे. बापाचे किंवा नवऱ्याचे नाव कुठल्या डब्यात टाकायचे ते प्रत्येकजण आपल्या मनाने ठरवतो. पासपोर्टवर जसे छापले आहे तसे, त्याच रकान्यांत, दोन्ही बुकिंगांत. त्यात आपल्या मनाने बदल करायला जाऊ नये. आठ दिवस ईमेल चालले तेव्हा दुरुस्त झाले.

अक्काने दोन्ही कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "माझं माहेरचं नाव कुठंच नाही का रे?" शाळेच्या दाखल्यात आहे म्हटले. तो दाखला तिने हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

*

नावांचे हे दुखणे आजचे नाही. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी अक्षरांत यवनांची, म्हणजे परदेशी लोकांची, दाने कोरली आहेत: इरिल, चिट, चंद. इरिलाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. समुद्रावरून माल यायचा, सोपारा-कल्याणला उतरायचा आणि नाणेघाटाने चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावर तो दगडी रांजण अजून आहे, त्यात जकात टाकत असे सांगतात. या इरिलाला त्याच्या आईने कुठल्या नावाने हाक मारली असेल कोण जाणे. इथल्या लेखनिकाला ऐकू आले ते त्याने कोरले. मुंढव्याच्या खिडकीवर त्याचे चालले नसते.

*

आणि हे जुन्नर तर कागदाचेच गाव. जुन्नरी कागद एकेकाळी नावाजलेला, पेशवाईच्या दप्तरांत वापरलेला. इथल्या कागदी लोकांच्या हातचा. तो कागद दोन-अडीचशे वर्षे टिकला. आमच्या झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटवरची शाई एसटीत घामाच्या हाताने पुसली गेली. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो.

*

बोटीच्या कागदांवरून आठवले, हजला बोटीने जाणाऱ्यांची पिढी आता थकली. मुंबईहून जाणारी हजची बोट 1995 साली बंद झाली. त्या यात्रेकरूंना पासपोर्टऐवजी यात्रेपुरता पिल्ग्रिम पास मिळे. एक यात्रा, एक पास. सुटसुटीत.

*

व्हिसाचा फोटो. मंचरच्या स्टुडिओत पोराने अक्काला पदर डोक्यावरून खाली घ्यायला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. पदर खाली आला, फोटो निघाला, पदर वर गेला. "चेहरा नीट दिसाया पाहिजे म्हणतो," घरी येऊन तिने दाजींना सांगितले, "पन्नास वर्षं तुम्हाला दिसला नाय का?"

*

मधल्या दिवसाचे, म्हणजे 11 तारखेचे. बाकी सगळी बोट सामान घेऊन उतरते आणि दुपारी नवे लोक चढतात. राहणाऱ्यांना सहसा एका हॉलमध्ये जमवतात, उतरवून इमिग्रेशनमधून फिरवून आणतात आणि परत चढवतात. सामान खोलीतच राहते. पण अंगावर तीन गोष्टी हव्यात: पासपोर्ट, व्हिसाचा प्रिंट, दुसऱ्या खेपेचा बोर्डिंग पास. काही बोटींवर प्रवासात पासपोर्ट कर्मचारी ताब्यात ठेवतात. तसे असेल तर त्या सकाळी आठवणीने मागून घ्यायचा. खोलीचे कार्डही नवे मिळते. लाइफ जॅकेटची कवायत पहिल्या खेपेला केली म्हणून दुसऱ्या खेपेला सुटत नाही.

अक्काचा प्रश्न: "एवढं करून त्याच खोलीत जायचं?"

हो.

"मग माझी पुरणपोळी खोलीतच ठेवते. तिला कशाला उतरवायची?" तिच्या खाण्याच्या डब्यांचा वेगळा फॉर्म लागेल का, हे मला भाच्याला विचारायचे आहे.

*

विमा एकच काढला, ओतूर सोडल्यापासून ओतूरला परत येईपर्यंतचा, दोन्ही खेपा पोटात घेणारा. प्रत्येक खेपेचा वेगळा घेतला तर मधला दिवस कुणाचा, यावर भांडण. दाजींच्या बीपीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, गोळीच्या मूळ नावासकट. गोळ्या सात दिवसांच्या नव्हे, पंधरा दिवसांच्या.

*

पासपोर्ट नसेल आणि बोट तर बघायची असेल, तर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझ आहेत. देशातल्या देशात सरकारी फोटो ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपला मात्र प्रवेशाचा परवाना लागतो, आपण भारतीय असलो तरी. घोडेगावच्या माझ्या एका निवृत्त सोबत्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "डिंभ्याच्या धरणात होडी आहे, तिला आधारही लागत नाही."

*

दाजींचा नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. जुना कोपरा कापून परत दिला आहे. त्यांनी तो सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत ट्रंकेत ठेवला.

अक्काने तीन पाकिटे केली आहेत. एकावर "पहिली खेप", दुसऱ्यावर "दुसरी खेप". तिसऱ्यावर "11 तारीख", आणि ते ट्रंकेत नाही, तिच्या पर्समध्ये आहे. तुमच्याकडून कुणी असे जाणार असेल, तर त्याचे ते तिसरे पाकीट आधी भरून घ्या.