मनी, नाणां आणि मनिआर्डर

मागच्या आठवड्यात आमच्या अ‍ॅपचं गुजराती भाषांतर तपासायला आलं. बटणावर इंग्रजीत "सेंड मनी". मराठीत "पैसे पाठवा", विषय संपला. गुजरातीत मात्र "नाणां मोकलो". मी चेष्टेने म्हटलं, "तुम्ही लोक यूपीआयवरून चिल्लर पाठवता की काय?" शेजारी बसणारा सुरतेचा मित्र शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे अर्थमंत्र्याला पण नाणामंत्री म्हणतात!"

झालं. शनिवार त्यातच गेला.

शब्द तर एकच. आपल्याकडे नाणं म्हणजे खिशात वाजतं ते. गुजरातीत नाणुं म्हणजे ते नाणं आहेच, शिवाय पैसा, भांडवल, वित्त, सगळंच. नाणावट म्हणजे सराफी, आणि ती करणारा तो नाणावटी. पार्ल्याचं हॉस्पिटल, 1959 चा नौदल अधिकाऱ्याचा गाजलेला खटला.. आपण "नानावटी" म्हणतो तेच हे आडनाव. ण चा न करून आपण त्यातलं नाणंच घालवलं!

मराठीत हा मोठा अर्थ अगदीच मेलेला नाही म्हणा. नाणेनिधी, नाणेबाजार आहेत, पण ते पेपरातले. "नाणावलेला वकील" म्हणतो तेव्हा मात्र पारखून घेतलेलं नाणं डोळ्यासमोर येतं. गुजरातीतही "नाणी जोवुं" म्हणजे पारखून बघणं.

इंग्रजी मनीही असंच फुगत गेलेलं. रोममध्ये जूनो मोनेटा देवीच्या देवळापाशी टांकसाळ होती. तिच्या नावावरून आधी टांकसाळ, मग नाणं, मग सगळाच पैसा. गंमत म्हणजे आपल्या "नाणक" शब्दालाही (मृच्छकटिकात तो आहे) बरेच अभ्यासक एका देवीपाशीच नेतात, कुषाणांच्या नाण्यांवरची नना.

आता "ते व्यापारी म्हणून त्यांचं नाणं मोठं झालं, आपण नोकरदार म्हणून आपलं सुट्टंच राहिलं" हा निष्कर्ष तयारच असतो. मला तो पटत नाही. माझं गाव खारेपाटण. आज मुंबई-गोवा हायवेवर पाच मिनिटांत मागे पडतं, पण हे वाघोटन खाडीवरचं जुनं बंदर. इथे सापडलेल्या 1008 सालच्या ताम्रपटात शिलाहार रट्टराजाने परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचा गद्याण आकारलाय. (हा ताम्रपट पहिल्यांदा छापला पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. म्हणजे आमच्याच भागातले!) तेव्हा व्यापार आम्हाला नवा नव्हता. पुढे खाडी गाळाने भरत गेली, बंदर गेलं, आणि माणसं मुंबईला गिरण्यांत गेली.

खारेपाटणात इंग्रजी "मनी" आलं ते मनिआर्डर होऊन. टपाल खात्याने 1880 साली सुरू केलेली ही सोय, जुनी कागदी मनीऑर्डर 2015 साली बंद झाली. आजोबा लालबागला गिरणीत होते. पगाराची तारीख उलटली की आजी पोस्टमनला लांबूनच विचारायची, "मनिआर्डर इली काय रे?" पैसा, नाणं, रोकड हे शब्द तिलाही येत होते, पण ते बाजारातले. मुंबईहून यायची ती मनिआर्डरच. फॉर्मखाली एक कुपन असायचं, त्यावर दोन ओळी लिहायला जागा. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन अंगठा घ्यायचा, नोटा मोजायचा आणि कुपन वाचून दाखवायचा. कधीकधी दोनदा. नोटा आठवड्यात संपायच्या, कुपनं तिने डब्यात ठेवली.

तो डबा बाबांनी जपलाय. या दिवाळीत आम्ही बसून सगळी कुपनं वाचली. "बैल विकू नका." "पोरास शाळेतून काढू नये." "या खेपेस कमी आहेत, भागवून घ्यावे."

जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. शेवटचं कुपन त्याच महिन्याचं आहे. रक्कम 40 रुपये. खाली आजोबांच्या तिरक्या अक्षरात, "संप महिन्याभरात मिटेल असे म्हणतात. तोवर दुकानात लिहून ठेवण्यास सांगावे."