कोपऱ्यातला मुलगा

भात झोडून पेंढा रचून झाला की महाड-पोलादपूरकडच्या गावांना कबड्डीचे वेध लागतात. शाळेमागचं नाहीतर देवळापुढचं पटांगण खणायचं, खडे वेचायचे, माती चाळून पाणी मारून चोपायची. फक्कीच्या रेषा पडतात, बांबूंवर दिवे चढतात आणि नाक्यावर फलक लागतो, ‘प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धा’. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. सावित्रीच्या खोऱ्यातली थंडी मफलरीतूनही कानाला लागते, पण कडेला उकिडवं बसलेल्या मंडळींत एक विषय रात्रभर तापलेला असतो : हा पोरगा ‘प्रो’ला लागेल का?

आमच्या लहानपणी प्रश्न वेगळा असे. पोरगा कुठे चिकटेल? रेल्वेत, पोलिसात, महिंद्रात की भारत पेट्रोलियममध्ये? खेळ चांगला म्हणजे नोकरी पक्की, एवढाच हिशेब. 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि हिशेबाची भाषा पालटली. पहिल्या लिलावात राकेश कुमारवर लागलेली 12 लाख 80 हजारांची बोली सगळ्यात मोठी होती. आता पवन सेहरावतचे 2023 मधले 2 कोटी 60 लाख 50 हजार इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. ‘ड’ गटातल्या खेळाडूची बोलीच 9 लाखांपासून सुरू होते, हेही ती सांगतात. ज्या घरातला कर्ता बिरवाडीच्या कारखान्यात पाळी करतो, त्या घराला 9 लाख म्हणजे काय हे मी सांगायला नको.

आमच्याकडचे तात्या जुने खेळाडू. गुडघे गेलेत, नजर शाबूत आहे. त्यांचं मत ठरलेलं : पोरगा चढाईचा असेल तरच पुढे जाणार. ते सिद्धार्थ देसाईचा दाखला देतात. चंदगडकडच्या हुंदळेवाडीचा हा मुलगा 2018 मध्ये यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतला. त्याने पहिल्याच हंगामात चढायांचे दोनशेवर गुण लुटले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. ‘‘खेड्यातला पोरगा, आपल्यासारख्याच मातीतला. पण चढाईवाला! लोकांना टाळी वाजवायला माणूस लागतो रे,’’ तात्या म्हणतात. त्यांचं चूक नाही. सात जणांच्या अंगणात एकटा शिरलेला माणूस डोळ्यांत भरतोच.

माझं त्यांच्याशी पटत नाही, आणि ते मी त्यांना दर हंगामात तोंडावर सांगतो. प्रो कबड्डीत कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो चढाईवाल्याने नव्हे, इराणच्या फझल अत्राचलीने. 2018, यू मुंबा, डावा कोपरा. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाची किंमत लिलावाच्या टेबलाला कळली. आमच्या पटांगणाला अजून कळायची आहे.

यंदा माझी नजर अशाच एकावर खिळली आहे. पोलादपूरकडचा, महाविद्यालयात शिकणारा, अंगाने काटक. नाव मुद्दाम लिहीत नाही, एवढ्यात त्याच्या खांद्यावर आणखी ओझं नको. त्याचा खेळ बघायचा तर चढाई करणाऱ्यावरून नजर काढून त्याच्या पावलांवर ठेवावी लागते. टाचा किंचित उचललेल्या, भार चवड्यांवर, डावा हात आत शेजाऱ्याच्या हातात गुंतलेला. समोरचा बोनस रेषेकडे पाय टाकून त्याला चिथावतो, हा हलत नाही. दुसऱ्यांदा टाकतो, तरी नाही. बहुतेक चढायांमध्ये हा काहीच करत नाही, आणि ते काहीच न करणं फार अवघड आहे. कारण कडेने गाव ओरडत असतं, ‘‘घे, घे!’’ तिसऱ्या वेळी मात्र चढाईवाल्याचा भार मागच्या पायावर यायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात याचे दोन्ही हात घोट्यावर बसलेले असतात. पाय वर ओढायचा नाही, छातीशी आवळून खाली दाबायचा. बाकीचे येऊन कोसळतात. धूळ बसते तेव्हा हा सगळ्यांत खाली, आणि वाहवा मिळते वरच्याला.

तात्यांचा पुढचा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो : मॅट. लाल मातीत अनवाणी पाय घसरतो, आणि त्या घसरण्यावर इथल्या पोरांनी आपला खेळ बांधलेला असतो. मॅटवर बूट चिकटून बसतो, चढाईवाला जागच्या जागी वळतो, मातीतला अर्धा क्षण तिथे मिळत नाही. हात घालायचा तो त्याआधी. लहानपणापासून मॅटवर वाढलेल्या मुलाशी सामना पडला की आमच्या पोराची पकड निसटते आणि निवड करणारा म्हणतो, वेग कमी आहे. वेग कमी नसतो, त्याला मॅट उशिरा भेटलेलं असतं. तालुक्याला सरावाचं एक कायमचं मॅट हवं, ही मागणी मी प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकतो. पाहुणे माना डोलावतात आणि नारळ घेऊन जातात.

त्याच मैदानावर संध्याकाळी मुलींचा सामना होतो. तिथे ‘प्रो’चा वाद कुणी घालत नाही, कारण वाद घालायला मुलींची ‘प्रो’ लीगच नाही. 2016 मध्ये तीन संघांचं महिलांचं ‘कबड्डी चॅलेंज’ झालं आणि तिथेच थांबलं. आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या देशात ही स्थिती आहे. मला याचा राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

कोपऱ्यातल्या त्या मुलाच्या घरी वेगळाच पेच आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आईला पोलीस भरती दिसते. कोपऱ्यावर आयुष्य काढायचं तर गुडघा आणि खांदा साथ देतील तोवर, हे ती तात्यांच्या चालण्याकडे बघूनच शिकली आहे. तात्या तिच्या बाजूचे : ‘‘आधी वर्दी, मग लीग.’’ मी म्हणतो, लीगच्या तरुण खेळाडूंच्या निवडीसाठी वयाचं दार फार काळ उघडं राहत नाही, भरतीला आणखी काही वर्षं आहेत. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार असाच कोवळ्या वयात पुणेरी पलटणमध्ये आला. मार्च 2024 मध्ये पलटणने पहिलं विजेतेपद घेतलं तेव्हा तोच कर्णधार होता. तात्या यावर तंबाखू मळत म्हणतात, ‘‘एक अस्लम दाखवलास, परत आलेले किती ते कोण दाखवणार?’’

मुलगा आमचं सगळं ऐकतो. परवा त्याने एवढंच विचारलं, की महाडला कुणाकडे मॅटचे जुने बूट मिळतील का. नऊ नंबर. मी शोधतो आहे, आणि तात्यांनीही मुंबईच्या दोघांना फोन लावला आहे.