तर्जनीचा भाव

मनवेलपाड्यातल्या गाळ्यांवरून जाताना पॉवरप्रेसचा ठोका ऐकला की माझी पावले अडखळतात. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्याच एका गाळ्यात होता. पत्रा सारताना हात आत, पाय पेडलवर. पाय क्षणभर आधी पडला आणि उजवी तर्जनी गेली. जाळी होती म्हणे. पण जाळीने नग कमी निघत, म्हणून काढून ठेवलेली!

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात अख्ख्या तर्जनीपायी कमाईची ताकद १४ टक्क्यांनी घटल्याचे धरले होते, अंगठ्यापायी ३०. अक्षराचा हिशेब त्यात कुठला असणार?

पहिलीत ह्याच मुलाचा हात धरून मी अक्षरे गिरवून घेतली होती. परवा तो भरपाईचा अर्ज घेऊन आला. पेन मधल्या बोटाला टेकवून, जीभ दातांत धरून सही करू लागला. माझा हात आपसूक पुढे झाला. "राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला.