भांडी, रसायनशास्त्र आणि साठ डॉलर

सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे कुठलीही संस्था दिसली की मी आधी फी विचारतो. लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा मॅसेच्युसेट्समधलं माउंट होल्योक पाहिलं. मेरी लायन या बाईंनी 1837 साली मुलींसाठी काढलेली ही निवासी शाळा. राहणं, जेवण, शिक्षण मिळून वर्षाचे फक्त 60 डॉलर! हिरवी मखमली पिशवी घेऊन बाईंनी दारोदार देणग्या मागितल्या. कुणी सहा सेंटसुद्धा दिले.

परवडायचं कसं? नोकरचाकर ठेवलेच नव्हते. स्वयंपाक, भांडी, झाडलोट मुलींनी वाटून घ्यायची, रोज साधारण तासभर. बाकी वेळ भूमिती, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र, तेही प्रयोगांसकट. ते लायनबाई स्वतः शिकवायच्या. त्यांचा पगार मात्र वर्षाला 200 डॉलर. हे मला खटकलं. बायकांच्या त्यागावर ताळेबंद जुळवायची रीत तिकडेही होतीच म्हणायची.

आम्ही मूळचे खानापूरचे. आक्का सोळाव्या वर्षी मॅट्रिक झाली, गणितात तर माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. कॉलेज बेळगावला. हॉस्टेलचा खर्च झेपायचा नाही म्हणून अण्णांनी शिक्षण थांबवलं, वर्षभरात लग्न.

परवा फोनवर तिला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "भांडी तर मीही घासत होते की रे." मग जरा थांबून विचारते, "वयाची अट काय होती तिथं?"

सोळा पूर्ण, म्हटलं.