ढगातला पत्ता

ढग या विषयावर वेल्ह्याच्या माणसाला कुणी शिकवू नये. पावसाळ्यात तोरणा एकदा ढगात शिरला, की तो कधी बाहेर येईल हे त्यालाच ठाऊक. तरी हेड ऑफिसने पत्रक धाडलं, 'आपली बँक आता खासगी क्लाउडमध्ये गेली आहे.' पासबुकं भिजतील म्हणून मी आधी कपाटं लावून घेतली.

मग पुण्याच्या आयटीवाल्या मुलाने फोनवर समजावलं. मी पडलो बी.कॉम. मला हा ढग समजला तो भोरच्या राजवाड्यासारखा. वाडा एकच, पण सिनेमावाले आज त्यात हवेली थाटतात, उद्या कचेरी. तशीच इथे मोजक्या दणकट मशीनच्या पोटात अनेक आभासी मशीनं नांदतात. वाडा आपल्याच बँकेचा, म्हणून खासगी. प्रत्येक बिऱ्हाडाला एक नाव आणि एक आकडी पत्ता. मध्ये भिंती, म्हणजे कर्जवाल्याने पेन्शनवाल्याच्या स्वयंपाकघरात डोकावू नये. आमचे पत्ते १० ने सुरू होणारे. ते जगात कुणीही आपापल्या आवारात वापरावेत. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता गावोगाव चालतो. गावाबाहेर चालत नाही, इतकंच.

इथवर सगळं ठीक होतं. पण श्रावणात एक आजी पेन्शन न्यायला आल्या आणि माझं मशीन म्हणालं, 'होस्टपर्यंत पोहोचता येत नाही.' मॅनेजरसाहेबांच्या मशीनला मात्र पोहोचता येत होतं! रोख देणारं काउंटर एकच, ते माझं. आजी बाकावर बसल्या. दोनची एसटी गेली.

मुलगा फोनवर म्हणाला, "काका, तुमच्या मशीनमधली होस्टची यादी उघडा. शेवटची ओळ वाचा."

वाचली. सर्व्हरचं बिऱ्हाड आठवड्यापूर्वी नव्या पत्त्यावर हललं होतं. बँकेच्या मोठ्या यादीत तशी नोंदही होती. पण मशीन आधी स्वतःच्या वहीत बघतं, आणि तिथे काही लिहिलेलं असलं तर पुढे कुणाला विचारत नाही. (हा स्वभाव आमच्या घरातही आहे. कुणाचा, ते सांगत नाही.)

"ही ओळ कुणी घातली?"

गेल्या पावसाळ्यात नावं सापडेनात, तेव्हा 'तात्पुरती' म्हणून मीच घातली होती.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो आणि ओळ पुसली. मिनिटभरात आजींचे पैसे हातात.

२०२५ साली आमच्या तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं. ते धरून आजी म्हणाल्या, "भाऊसाहेब, तालुक्याचं नाव बदललं, तरी यष्टी मला बराबर हितंच सोडती. तुमचं नाव त्येच, अन् तुमाला घर घावंना?"

संध्याकाळी स्टँडवर त्यांच्या डोक्यावर छत्री धरून मी उभा राहिलो. एसटी आली तेव्हा कबूल केलं, "आजी, चूक माझीच होती."

"तवाच कळलं मला," पायरी चढत त्या म्हणाल्या. "पुसताना इकडंतिकडं बगत हुता."